सहा आठवड्यांत चार ऋतू : ग्वाल्हेरच्या एका पिल्लूवर्गाविषयी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घराच्या मागच्या अंगणावर पत्र्याचे छप्पर आहे. आमचा आधीचा कुत्रा शेरू ११ वर्षे या घरात राहिला आणि त्यातील प्रत्येक पावसाळा त्याने त्या पत्र्याच्या धास्तीत काढला. आषाढातली पहिली सर पत्र्यावर वाजू लागली की तो देवघरातल्या पाटामागे जाऊन बसे, तेथून हलत नसे, आणि बाहेर ओले असेपर्यंत लघवीलाही उतरत नसे. एकदा झडीच्या दिवसांत त्याने जवळजवळ १६ तास लघवी रोखून धरली आणि अखेर त्याला पशुवैद्यांकडे न्यावे लागले. आम्ही त्याला रागावलो नाही, त्याचे लाडच केले. परंतु त्याची ही भीती आमच्याच अज्ञानातून निर्माण झाली होती, हे कळायला आम्हाला फार उशीर झाला. तो दिवाळीनंतर आमच्याकडे आला होता, थंडी आणि लसीकरण या दोन कारणांनी आम्ही त्याला महिनोन्‌महिने घरात ठेवले, आणि आयुष्यातला पहिला पाऊस त्याने पाहिला तेव्हा तो ८ महिन्यांचा झाला होता.

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मैना घरी आली. गल्लीतल्या एका देशी कुत्रीचे हे पिल्लू. आई वाहनाखाली सापडल्यामुळे पोरके झालेले. पशुवैद्यांनी दात पाहून तिचे वय सुमारे ७ आठवडे सांगितले, म्हणजे तिचा जन्म ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. शेरूच्या बाबतीत झाले ते हिच्या बाबतीत होऊ द्यायचे नाही, असे मी आणि माझ्या मुलीने पहिल्याच रात्री ठरवले. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत आम्ही तिला शहरातील एका पिल्लूवर्गाला नेले. त्याचा अभिप्राय मी मुद्दाम एवढ्या उशिरा, म्हणजे थंडी, लू (उन्हाळ्यातले उष्ण वारे), आंधी (धुळीचे वादळ) आणि पाऊस हे सगळे पार पडल्यानंतर लिहीत आहे, कारण ऋतूंची सवय लावणाऱ्या वर्गाची परीक्षा ऋतू बदलल्याशिवाय होत नाही.

या वर्गाला पाटी नाही आणि नावही नाही. शहरातील थाटीपूर भागाच्या पुढे एका जुन्या घराच्या अंगणात तो चालतो आणि तो चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘ताई’ म्हणतात. त्यांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून मीही त्यांचे नाव किंवा पत्ता देत नाही. ज्यांना जायचे असेल त्यांना कुत्री पाळणाऱ्या परिचितांकडून तो सहज मिळेल. सहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी ४० मिनिटे, आणि एकूण शुल्क ४,५०० रुपये.

या वर्गामागचा विचार समजून घेतला नाही तर तिथले अर्धे प्रकार विचित्र वाटतील. पिल्लाच्या आयुष्यात साधारण ३ ते १४ आठवडे हा असा काळ असतो की त्यात जे जे सौम्यपणे अनुभवाला येते ते ते त्याला जगाचा नेहमीचा भाग वाटू लागते, आणि जे त्या काळात कधीच भेटत नाही त्याच्याकडे ते पुढे संशयाने पाहते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे अनेक वर्षे कुत्र्यांचे निरीक्षण करून १९६५ मध्ये ही गोष्ट मांडली आणि तेव्हापासून ती कुत्रापालनाचा पाया मानली जाते. आता आपल्याकडची अडचण पाहा. देशी कुत्र्यांची पिल्ले बहुतेक पावसाळा सरल्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत जन्मतात. म्हणजे त्यांचा तो मोलाचा काळ थंडीत आणि धुक्यात सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपूनही जातो. लू, धुळीची आंधी, विजा, गारा आणि पाऊस हे सगळे त्यानंतर येते. जूनच्या अखेरीस ग्वाल्हेरला मोसमी पाऊस पोहोचतो, तेव्हा ते पिल्लू साधारण अर्ध्या वर्षाचे किंवा त्याहून मोठे झालेले असते आणि त्याचे मन पुष्कळसे बनून गेलेले असते. शेरूचे कोडे मला या हिशोबाने पहिल्यांदा उलगडले.

तेव्हा ताईंचे काम हे की जे ऋतू अजून आलेले नाहीत ते अंगणात लहान मात्रेने आणायचे. वस्तू साध्याच आहेत : एका चौकटीवर ठोकलेले पत्रे, झारी, बागेची नळी, ताडपत्री, उभा पंखा, ओली पोती, रेतीचा वाफा, दोन छत्र्या, टोपीचे जुने रेनकोट आणि एक मोठा स्पीकर. अशा वस्तू कुणीही जमवू शकेल. त्या किती वापरायच्या आणि कधी थांबायचे हे मात्र कुणालाही साधत नाही, आणि माझ्या मते शुल्क त्याचेच आहे.

पावसाचा पाठ सविस्तर सांगते, कारण तोच या वर्गाचा सर्वांत उत्तम भाग आहे. पहिल्या दिवशी पत्र्यावर पाणी पडले ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, झारीतून, आणि जेमतेम दहा सेकंद. मैनेने एक कान वळवला. त्याच क्षणी ताईंनी मला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायला सांगितले. मी एकदा उतावीळपणे पाणी पडण्याआधीच खाऊ पुढे केला, तेव्हा त्यांनी मला थांबवून समजावले की हा क्रम उलटता कामा नये : आधी आवाज, मग खाऊ. खाऊ आधी दिसू लागला तर पिल्लू खाऊलाच संशयाने पाहू लागते, ‘हा दिसला म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार’ असा अर्थ लावते. आवाज आधी आणि खाऊ मागून आला तर आवाज ही खाऊची वर्दी ठरते. इतकी साधी गोष्ट, परंतु शेरूच्या वेळी आम्ही सतत नेमके उलटे करत होतो. ढग दिसले की आम्ही त्याला बिस्किटे देऊन देवघराजवळ नेत होतो.

पुढच्या पाच वेळांत पत्रे हळूहळू जवळ आले, झारीची जागा नळीने घेतली, पाण्याचा जोर वाढला, आणि चौथ्या आठवड्यात मैना त्या पत्र्याखाली बसून आपली वाटी चाटत होती. तिच्या अंगावर मात्र थंडीमुळे पाणी घातले नाही. फक्त ओल्या हाताने पाठ आणि डोके पुसले. ओल्या गवताचा वाफा वेगळा होता. पिल्लाला जेवण दिल्यानंतर काही मिनिटांत तेथे न्यायचे, लघवी केली की ‘शू’ हा शब्द म्हणायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. पावसाळ्यात कुत्री बाहेर जायला नाकारतात त्याचे एक कारण आवाज असते, परंतु पुष्कळदा खरे कारण पायाखालचे ओले गार गवत असते, हे मला येथे कळले. छत्री उघडणे आणि टोपीचा रेनकोट घातलेला माणूस या दोन गोष्टीही पावसाच्याच आहेत, कारण पिल्लाच्या दृष्टीने टोपीखाली चेहरा हरवलेला माणूस हा अनोळखी प्राणी असतो. माझी मुलगी रेनकोट घालून फाटकातून आली तेव्हा मैना दोन पावले मागे सरकली आणि मुलीचा आवाज ऐकताच शेपूट हलवत पुढे गेली; ताईंनी तोच प्रसंग वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा चार वेळा करून घेतला.

गडगडाटासाठी ध्वनिमुद्रण वापरले जाते आणि त्याबाबत ताई प्रामाणिकपणे सांगतात की ते अपुरे आहे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून मेघगर्जनेचा खालचा, छातीत उतरणारा घुमारा येतच नाही, म्हणून त्यांनी मोठा स्पीकर ठेवला आहे. तरीही विजेचा लखलखाट, हवेतला बदल आणि घराच्या खिडक्यांची थरथर स्पीकरमधून येत नाही. अंधाऱ्या खोलीत विजेरी चमकवून त्यांनी त्याची थोडी भरपाई केली. आवाजाची पातळी ठरवण्याची त्यांची कसोटी सोपी होती : पिल्लाने कान हलवावा, पण खाणे थांबवू नये. खाणे थांबले, तर आवाज जास्त झाला.

या कसोटीसाठी प्रत्येक पिल्लाची एक वही असते. पिल्लू दचकले का, दचकल्यावर किती सेकंदांत सावरले, खाऊ घेतला का, हे त्यात प्रत्येक वेळी लिहिले जाते. दचकणे हा दोष मानला जात नाही. सावरायला लागणारा वेळ कमी होतो की वाढतो, एवढेच पाहिले जाते. जीभ ओठांवरून फिरवणे, झोप आलेली नसताना जांभई, तोंड वळवणे, पुढचा एक पाय उचलून धरणे ही अस्वस्थतेची चिन्हे मी शेरूमध्ये शेकडो वेळा पाहिली होती आणि एकदाही ओळखली नव्हती. त्या वहीतील मैनेची पाने मी मागून घेतली आहेत.

वाऱ्याचा पाठ तुलनेने लवकर आटोपला. उभा पंखा आडव्या दिशेने, मंद गतीवर, आणि लांब बांधलेली ताडपत्री. मग पंखा जवळ, ताडपत्री सैल. डोळ्यांत धूळ जाईल असे काहीही केले नाही. गारांसाठी पत्र्यावर मूठभर खडी सोडली, ती फक्त दोनदा, आणि वर्गातल्या सहापैकी चारच पिल्लांसाठी. उरलेल्या दोघांची वही पाहून ताईंनी त्यांना त्यातून वगळले. एका जर्मन शेफर्ड पिल्लाच्या मालकांना हे आवडले नाही. आपल्याकडे ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे, तेथे मुधोळ आणि रामपूर हाउंडसारख्या भारतीय जातींनाही तयार केले जाते, आणि त्या अभिमानापोटी आपल्या शहरात कित्येकांना वाटते की कुत्र्याला जेवढे कठोर वागवावे तेवढा तो कणखर होतो. ताईंनी त्यांना शांतपणे एवढेच सांगितले, “भाऊ, ते कुत्रे कामासाठी निवडलेले असतात. हे बाळ अजून घराचा उंबरा ओळखायला शिकतंय.”

थंडीसाठी काही नवे आणावे लागले नाही, कारण ती आमच्याभोवतीच होती. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरला सकाळी दहापर्यंत धुके हटत नाही आणि पहाटेचा पारा ५ अंशांखाली जाणे नवलाचे नसते. नवजात पिल्लाला तर पहिले काही दिवस कुडकुडताही येत नाही, ते आईच्या आणि भावंडांच्या उबेवर जगते. स्वतःचे तापमान सांभाळण्याची शक्ती पहिल्या महिन्यात हळूहळू येते. मैना त्या वयापलीकडे होती, तरी तिच्या अंगावर आखूड केस होते आणि चरबी नव्हती. ताईंनी बाहेर काढण्याचा वेळ आधी तीन मिनिटे ठेवला, मग पाच, मग दहा. ओले पिल्लू आणि वारा हे दोन एकत्र येऊ द्यायचे नाहीत, हा त्यांचा एकच कडक नियम होता. टॉवेलने पाय आणि पोट पुसून घेण्याची सवय याच निमित्ताने लागली आणि ती पुढे पावसाळ्यात अत्यंत उपयोगी पडली. स्वेटर घालावा, परंतु ओला झाला की ताबडतोब काढावा. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच द्यावी. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, कारण तिचा विषारी वायू पिल्लाला आणि माणसाला सारखाच घातक असतो. ही शेवटची सूचना आमच्या सासूबाईंनी घरी सर्वांना पुन्हा ऐकवली, कारण आमच्याकडे शेगडीची जुनी सवय होती.

उन्हाबाबत या वर्गाने जे केले नाही त्यासाठी मी त्याला सर्वांत जास्त गुण देईन. मी विचारले होते की लूची सवय कशी लावणार. ताईंनी स्पष्ट सांगितले की उन्हाची तालीम पिल्लाला द्यायचीच नसते. पावसाची भीती मनात असते, म्हणून ती सवयीने जाते. उष्माघात शरीरात होतो, त्याला धीटपणा उपयोगी पडत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांतून, बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकून बाहेर घालवावी लागते, आणि हवाच अंगापेक्षा तापलेली असेल तर धापा टाकूनही पुरेसे गार होता येत नाही. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०४ च्या वर गेले की धोक्याची घंटा समजावी. म्हणून थंडीच्या त्या वर्गात आम्ही उन्हाळ्यासाठी काय शिकलो, तर वेगवेगळ्या भांड्यांतून पाणी पिणे, ओल्या कापडावर निवांत पडणे, थर्मामीटर लावू देणे आणि तळपाय हाती देणे. रस्त्यावर पालथा हात सात सेकंद टेकवता आला नाही तर पिल्लाला त्यावर चालवू नये, हेही तेथेच शिकलो. उष्माघात झालाच तर दवाखान्याकडे धावण्याआधी नळाच्या पाण्याने अंग भिजवून पंख्याखाली धरावे आणि मग न्यावे, हे त्यांनी आमच्याकडून बाहुलीवर प्रत्यक्ष करवून घेतले. वर्गातल्या पगच्या मालकांना त्यांनी बाजूला बसवून आणखी अर्धा तास दिला, कारण चपट्या नाकाच्या जातींना धाप टाकून गार होणेच कठीण जाते. हस्की पिल्लाच्या मालकांनी उन्हाळ्यात त्याचे केस काढायचे ठरवले होते, त्यांना त्यांनी थांबवले; दुहेरी केसांचे ते आवरण उन्हापासूनही संरक्षण करते.

आता आरोग्याचा प्रश्न, जो माझ्या मनात सुरुवातीपासून होता. आमच्या एका पशुवैद्यांचे म्हणणे होते की १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला उंबऱ्याबाहेर काढू नये. त्यांची चिंता खोटी नाही. १९७८ मध्ये जगासमोर आलेला पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लाला काही दिवसांत संपवतो. परंतु लसीकरण पूर्ण होईपर्यंत थांबले तर शिकण्याचा काळ हातचा जातो, हेही तेवढेच खरे आहे. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये यावर जी भूमिका घेतली तीच ताई पाळतात : पहिली लस टोचून किमान ७ दिवस झालेले, जंताचे औषध दिलेले, आणि पिल्लू निरोगी. त्या दाखला पाहिल्याशिवाय फाटक उघडत नाहीत. अंगणातील फरशी प्रत्येक तुकडीआधी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणात धुतली जाते, बाहेरची पादत्राणे फाटकाशी काढावी लागतात, आणि रस्त्यावरून चालत आणलेले पिल्लू आत घेतले जात नाही. ते कडेवर किंवा टोपलीतूनच आणावे लागते. एका रविवारी एका पिल्लाला जुलाब होत होते, तर त्याला बाहेरूनच परत पाठवले आणि त्या दिवसाचे पैसे परत केले. हे पाहून माझी शंका मिटली.

पुढचे निकाल सांगते. एप्रिलमध्ये कूलर पहिल्यांदा लावला तेव्हा मैना सहा महिन्यांची होती आणि ती चक्क पलंगाखाली शिरली. मला वाईट वाटले, कारण पंख्याचे आणि वाऱ्याचे सगळे पाठ झाले होते. मी ताईंना फोन केला. त्यांनी सांगितले की या वयात कुत्र्याला भीतीचा दुसरा एक टप्पा येतो, शिकलेल्या गोष्टीही काही दिवस अनोळखी वाटतात, आणि पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करायची. कूलर शेजारच्या खोलीत, मंद, आणि आवाजानंतर खाऊ. नवव्या दिवशी ती कूलरच्या खसच्या (वाळ्याच्या) टाटीसमोर झोपली होती. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास राहिला, तेव्हा आम्ही तिला फक्त पहाटे साडेपाचला आणि रात्री दहानंतर बाहेर काढत होतो, आणि तिने पूर्ण महिना कुरकूर न करता काढला.

खरी कसोटी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. संध्याकाळी पश्चिमेकडून पिवळी आंधी उठली, वीज गेली, आणि शेजारच्या गच्चीवरचा एक पत्रा सुटून फटाफट आपटू लागला. शेरू असता तर त्या रात्री तो थरथरत राहिला असता. मैना उभी राहिली, कान टवकारले, आणि मग माझ्यापाशी येऊन बसली व माझ्या हाताकडे पाहू लागली. ती खाऊची वाट पाहत होती. माझ्या हाताशी काहीच नव्हते. मुलीने अंधारात चाचपडत फ्रिजमधून पनीर आणले आणि प्रत्येक दणक्यानंतर तिला एक एक तुकडा दिला. त्या वेळी माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. पहिला पाऊस २८ जूनला पडला, पत्र्यावर, जोराचा, आणि मैना मागच्या दारातून बाहेर जाऊन वाफ्यात लघवी करून आली. ‘शू’ हा शब्दसुद्धा म्हणावा लागला नाही.

वर्गातील सगळेच निर्दोष होते असे नाही, आणि जे खटकले ते लिहिणे मला आवश्यक वाटते. तुकडीत सहा पिल्ले असतील असे सांगितले होते, परंतु जानेवारीच्या एका सकाळी आधीच्या तुकडीची राहिलेली तीन पिल्ले मिळून नऊ झाली. त्या दिवशी पत्र्यापेक्षा भुंकण्याचा आवाज अधिक होता, मैनेच्या वहीत सावरण्याचा वेळ दुपटीने वाढलेला दिसतो, आणि आम्हाला पुढच्या वेळी एक पायरी मागे यावे लागले. सकाळी साडेसातची वेळ थंडीच्या मानाने फार लवकर आहे. धुके असताना आणि पारा इतका खाली असताना ओल्या वाफ्याचा पाठ दहा वाजता ठेवला तर लहान जातीच्या पिल्लांना कमी त्रास होईल. सर्वांत मोठी उणीव म्हणजे मे आणि जून या दोन महिन्यांत वर्ग पूर्ण बंद असतो. उन्हाचे कारण मला पटते, तरीही पहिल्या आंधीच्या आणि पहिल्या पावसाच्या आधी जुन्या पिल्लांसाठी अर्ध्या तासाची एखादी उजळणी, संध्याकाळी उशिरा का होईना, ठेवली पाहिजे. ताई फोन उचलतात हे खरे, परंतु कूलरच्या वेळी मला प्रत्यक्ष दाखवणारे कुणी हवे होते.

पावसाळ्यातील आजारांबद्दलही अधिक बोलले जायला हवे होते. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू येतात, त्यामुळे धीट झालेले पिल्लू प्रत्येक डबक्यात तोंड घालू लागले तर तो नवाच धोका असतो. मैनेला पाण्याची भीती उरली नव्हती आणि जुलैत आम्हाला तिला डबक्यांपासून दूर ओढावे लागत होते. त्यावरची लस आम्ही पशुवैद्यांच्या सल्ल्याने तिला दिली, घरचे पाणी पाजूनच तिला बाहेर न्यायचा नियम केला, आणि फिरून आल्यावर कानांमागे व बोटांमध्ये गोचीड पाहण्याची सवय लावली. पाय हाती देण्याची शिकवण येथे कामी आली, परंतु पिल्लांना पाण्यात धीट करताना मालकांना पाण्यापासून सावधही केले पाहिजे, असे मी ताईंना कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

वस्तूंच्या खरेदीबद्दल थोडेसेच, कारण बरेच जण तेथूनच सुरुवात करतात. आम्ही घेतलेला कुत्र्याचा रेनकोट पोटाखालून भिजतो आणि मैनेला तो घातला की ती पुतळ्यासारखी उभी राहते. तो आता अडगळीत आहे. चार पायांचे बूट तिने दोन दिवसांत कुरतडले. गार गादी बरी आहे, परंतु ओले पोते आणि कूलर तेच काम करतात. चांगले, जाड, पाणी शोषणारे दोन टॉवेल मात्र प्रत्येकाने घ्यावेत.

ज्यांच्या घरी या कार्तिकात पिल्लू येणार असेल त्यांच्यासाठी : ताईंची पहिली तुकडी नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होते आणि जागा लवकर भरतात, म्हणून पहिली लस टोचली त्याच दिवशी फोन करावा. आठ वर्षांखालील मुलांना अंगणात बसू देत नाहीत. जाताना लसीचे पुस्तक, टॉवेल, पाण्याची वाटी आणि बारीक तुकडे केलेले उकडलेले चिकन किंवा पनीर न्यावे, आणि त्या सकाळी पिल्लाला नेहमीच्या निम्मेच खायला द्यावे. अगदी उपाशी मात्र नेऊ नये, कारण एवढ्या लहान वयात रिकाम्या पोटी रक्तातली साखर लवकर उतरते.